तिसरं पेडल : ऑटोमॅटिक गाडीला क्लच पेडल बसवताना

क्लच पेडल काय काम करतं, असं व्हायवाला विचारलं की आपण सगळेच "इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तोडतं" हे घोकलेलं उत्तर देऊन मोकळे होतो. उत्तर चुकीचं नाही. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही चौघांनी वर्कशॉपमागच्या शेडमधली जुनी ऑटोमॅटिक हॅचबॅक मॅन्युअल करायला घेतली, तेव्हा ते किती अपुरं आहे हे कळलं. गिअरबॉक्स उतरवणं, फ्लायव्हील लावणं, क्लच प्लेट सेंटर करणं ही कामं जड असली तरी मॅन्युअलमध्ये पायरीपायरीने दिलेली असतात. आम्हाला खरं रडवलं ते पायाखालच्या पेडलने. आणि त्याच पेडलपाशी केलेल्या एका आळसामुळे आमच्यातल्या एकाचा पाय मोडता मोडता वाचला. म्हणून हा लेख. पुढच्या बॅचने यातलं काही करायचं ठरवलं, तर निदान आमच्या चुका पुन्हा करू नयेत.

मुळात बदलतं काय?

नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेलामार्फत शक्ती जाते, त्यामुळे सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. मॅन्युअल करताना कन्व्हर्टर आणि त्याची पातळ फ्लेक्स प्लेट जाते. त्यांच्या जागी फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग येतं. इथपर्यंतचं सगळं बॉनेटच्या बाजूचं. पण क्लच सोडवायचा निर्णय आता ड्रायव्हरचा पाय घेणार, म्हणून केबिनच्या बाजूलाही एक साखळी उभी करावी लागते : पेडल, त्याची पिव्होट, पुशरॉड, मास्टर सिलिंडर, पाइप, स्लेव्ह सिलिंडर, फोर्क आणि शेवटी बेअरिंग. यातली एक कडी चुकली की बाकीच्या कितीही चांगल्या असोत, गिअर पडत नाही.

जाता जाता एक सांगायला हवं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्या रुळल्या. त्यात पेडल दोनच असली तरी आत नेहमीचाच कोरडा क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी ॲक्च्युएटर दाबतो. म्हणजे "पेडल नाही" याचा अर्थ "क्लच नाही" असा दरवेळी होत नाही. हा प्रश्न व्हायवाला हमखास येऊ शकतो!

पेडल कुठून आणायचं?

आमचा पहिला विचार : फ्लॅट बारचा तुकडा घ्यायचा, भोक पाडायचं, वेल्डिंग करायचं. वर्कशॉपच्या मामांनी तो तिथेच हाणून पाडला. "ब्रेकशेजारी घरगुती वेल्डिंग नको रे बाबांनो," एवढंच म्हणाले. बरोबर होतं. त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा अख्खा पेडल ब्रॅकेट भंगारातून आणणं हाच शहाणपणाचा मार्ग. कंपनी एकाच बॉडीवर दोन्ही प्रकारच्या गाड्या काढते, त्यामुळे बऱ्याच वेळा फायरवॉलवर मास्टर सिलिंडरची जागा आधीच ठरलेली असते. कधी रबरी बूच लावलेलं भोक मिळतं, कधी भोकाच्या जागी नुसती खूण दाबलेली असते. गालिचा आणि आतलं फेल्ट उचलून पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

अमेरिकेत हा उद्योग हौशी लोक कितीतरी वर्षं करत आले आहेत. त्यात फोर्डच्या मस्टँगचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. १९७९ पासून २००४ पर्यंतच्या मस्टँगमध्ये क्लच केबलवर चालायचा, २००५ च्या मॉडेलपासून तो हायड्रॉलिक झाला. त्या केबलवाल्या गाड्यांत पेडलच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकचा दातेरी क्वाड्रंट असायचा, तो केबलचा ताण आपोआप जुळवायचा. हौशी मंडळी इंजिनाची ताकद वाढवून जास्त कडक स्प्रिंगचा क्लच टाकत, आणि मग क्लच नव्हे तर पेडलपाशी हा क्वाड्रंट दगा द्यायचा. म्हणून ते तो काढून ॲल्युमिनियमचा बसवत. साखळीच्या एका टोकाला केलेला बदल दुसऱ्या टोकाला भोवतो, हा त्यातला धडा.

आधी गणित

भंगारातून पेडल मिळालं, मास्टर मिळाला, पण स्लेव्ह सिलिंडर दुसऱ्याच गाडीचा मिळाला. "बसतोय ना, मग झालं!" असं म्हणून आम्ही तो लावला. पेडल लोण्यासारखं मऊ. सगळे खूश. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकायला गेलो तर कर्रर्र! रिव्हर्सला बऱ्याच गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर पहिली तक्रार तोच करतो.

त्या रात्री हॉस्टेलवर वही काढून जे गणित केलं, ते खरं तर आधी करायला हवं होतं. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

पिव्होटपासून पायाच्या पॅडपर्यंत अंतर ३०० मि.मी., पिव्होटपासून पुशरॉडपर्यंत ६० मि.मी. म्हणजे पेडलचं गुणोत्तर ५. मास्टरचा बोअर ५/८ इंच, योग्य स्लेव्हचा ३/४ इंच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने गुणोत्तर १.४४. फोर्कचं गुणोत्तर १.८. तिन्हींचा गुणाकार :

५ × १.४४ × १.८ = सुमारे १३

रिलीज बेअरिंगला ११०० न्यूटन जोर आणि ८ मि.मी. सरक लागते असं धरू. पायाला जोर लागेल ११०० भागिले १३, म्हणजे ८५ न्यूटन, साधारण पावणेनऊ किलो. घर्षण आणि रिटर्न स्प्रिंगचं थोडं वर. पेडलची चाल लागेल ८ गुणिले १३, म्हणजे १०४ मि.मी. त्यात १२ मि.मी. प्ले मिळवला की ११६. आमच्या पेडलला जमिनीपर्यंत १४० मि.मी. जागा होती. म्हणजे छान बसतं.

आता आम्ही लावलेला स्लेव्ह ७/८ इंचाचा होता. क्षेत्रफळांचं गुणोत्तर १.९६ आणि एकूण गुणोत्तर १७.६ झालं. पायाला जोर फक्त ६२ न्यूटन, म्हणून पेडल मऊ. पण चाल? ८ गुणिले १७.६ म्हणजे १४१, अधिक १२, एकूण १५३ मि.मी. जागा १४० ची! पेडल जमिनीला टेकलं तरी बेअरिंग सव्वासात मि.मी.च सरकत होतं. पाऊण मि.मी. कमी पडलं आणि तेवढ्याने गिअर घासला.

फर्स्ट इयरला शिकलेलं "कार्य = बल × विस्थापन" हेच. जोर वाचवला तर चाल वाढणार, चाल वाचवली तर जोर वाढणार. फुकट काहीच मिळत नाही, मेसमधल्या एक्स्ट्रा चपातीसारखं! म्हणून कोणताही सिलिंडर उचलण्याआधी बोअर मोजा, त्यावरचा आकडा वाचा आणि मग गुणाकार करा.

फायरवॉल म्हणजे भिंत नव्हे

नाव फायरवॉल, पण ती असते साधारण एक मि.मी.च्या आसपास जाडीची पत्र्याची चादर. पायाने ८५ न्यूटन दिले की पुशरॉडवर त्याच्या पाचपट, म्हणजे ४२५ न्यूटन येतात. घाबरून कोणी ३०० न्यूटनने पेडल दाबलं तर १५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ दीडशे किलो. नुसत्या पत्र्यावर मास्टर बसवला तर तो पुढे वाकणार. पत्रा २ मि.मी. वाकला तर पेडलची १० मि.मी. चाल वाया जाते, आणि बेअरिंगपाशी २ भागिले २.५९ (१.४४ × १.८), म्हणजे पुन्हा तेच पाऊण मि.मी. कमी! म्हणजे गणित बरोबर असूनही गिअर घासणार. शिवाय पत्रा रोज वाकून वाकून बोल्टच्या भोकापाशी तडे जाणार, ते वेगळंच.

इथे फ्री बॉडी डायग्राम काढून बघा. पेडलवर पाय ८५ न्यूटनने पुढे ढकलतो. पुशरॉड ४२५ ने मागे ढकलतो. समतोलासाठी पिव्होटला ३४० ने पुढे धरून ठेवावं लागतं. म्हणजे पेडल पिव्होटला ३४० ने मागे ओढतं आणि मास्टर ४२५ ने पुढे जाऊ बघतो. आता मास्टरचे बोल्ट फायरवॉलमधून येऊन थेट पेडल ब्रॅकेटलाच कसले असतील, तर ही दोन मोठी बलं ब्रॅकेटच्या आतल्या आतच मिटतात आणि बॉडीवर उरतात फक्त पायाचे ८५ न्यूटन. पण ब्रॅकेट एकीकडे आणि मास्टर भलतीकडे बसवला, तर सगळा भार पत्र्यावर. कंपनीचा अख्खा ब्रॅकेट आणा असं मामा का म्हणत होते, ते ही आकृती काढल्यावर पटलं. ज्यांना मास्टर वेगळ्या जागी घ्यावाच लागतो, त्यांनी पत्र्याच्या मागे ३ मि.मी.ची मोठी प्लेट घालून भार पसरवावा, आणि भोकाच्या कच्च्या कडेला आधी प्रायमर, मग रंग आणि ग्रोमेट लावावा. नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट चपलेत.

ब्रेक उघडला आहे, हे विसरू नका

बहुतेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच ब्रॅकेटवर लटकतात. म्हणजे क्लच बसवायचा तर ब्रेक पेडल सोडवावंच लागतं. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं. तेच ठेवलं तर क्लच दाबताना डावा बूट ब्रेकच्या कडेला अडकतो. म्हणून मॅन्युअलचं अरुंद ब्रेक पेडलही हवं. रुंद पॅड करवतीने कापायचा मोह टाळा.

कामाला लागण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडीला एअरबॅग असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय स्टिअरिंग कॉलमच्या वायरींना हात लावू नका. ब्रेक जोडताना तीन गोष्टी : बूस्टरच्या पुशरॉडची क्लेव्हिस पिन आणि तिची स्प्लिट पिन नवीनच घाला, पुशरॉडची लांबी बदलू नका, नाहीतर ब्रेक सुटल्यावरही चिकटून राहतील, ब्रेक लाइटचा स्विच पेडलच्या नव्या जागेनुसार पुन्हा जुळवा. आमचा ब्रेक लाइट दोन दिवस अखंड पेटत होता आणि आम्ही बॅटरीला शिव्या घालत होतो.

क्लचचं पॅड ब्रेकच्या पातळीला किंवा किंचित वर असावं. मधे एवढी जागा हवी की रुंद बूट घालूनही दोन्ही एकदम दाबले जाणार नाहीत. शेवटपर्यंत दाबल्यावर पेडल गालिच्यात रुतता कामा नये. त्याचा स्वतःचा स्टॉपर असावा, नाहीतर डायफ्रॅमची बोटं गरजेपेक्षा जास्त दाबली जातात.

केबल की हायड्रॉलिक?

मूळ मॅन्युअल गाडीत जे असेल तेच ठेवा, हे सरळ उत्तर. मारुती ८०० सारख्या छोट्या गाड्यांत केबल होती : स्वस्त, हलकी, रस्त्यात बदलता येणारी. फक्त तिची वाट नीट आखा. बेल्टच्या प्रॉब्लेममधलं टेन्शन रेशोचं सूत्र आठवा, ई चा म्यू-थीटा घात. घर्षणांक ०.१ आणि सगळी वळणं मिळून १८० अंश धरले तर उत्तर येतं १.३७. म्हणजे निव्वळ वळणांमुळे पायाला ३७ टक्के जास्त जोर!

केबलची आणखी एक गंमत म्हणजे इंजिनाची अर्थ पट्टी. गिअरबॉक्स काढताना ती सुटते आणि बसवताना विसरली जाते. मग स्टार्टरचा प्रचंड करंट परतीची वाट शोधत क्लचच्या केबलमधून जातो, आतलं अस्तर वितळतं आणि केबल जाम होते. पेडल अडकलं म्हणून ग्रीस मारणाऱ्याने आधी अर्थ पट्टी बघावी.

हायड्रॉलिकमध्ये वळणांची चिंता नाही, पण हवेची आहे. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून हवा पूर्ण निघेपर्यंत पेडल स्पंजसारखं लागतं. ब्रेक फ्लुइडच वापरा, साधं ऑइल टाकलं तर आतले रबर फुगून बाद होतात. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. काही गाड्यांत क्लचचा मास्टर ब्रेकच्याच डबीतून तेल घेतो. तिथे क्लचची नळी डबीच्या वरच्या भागात काढलेली असते. कारण क्लच गळाला तरी ब्रेकसाठी तेल शिल्लक राहावं. स्वतः जोडणी करताना ही उंची बदलू नका.

आणि पुशरॉडला थोडा प्ले ठेवाच. पेडल पूर्ण वर असताना पुशरॉड पिस्टनला दाबून राहिला, तर मास्टरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही. इंजिन तापलं की तेल प्रसरण पावतं, त्याला डबीत परत जायला वाट नसते, आणि पाय न लावता क्लच अर्धवट दाबला जातो. सकाळी ठीक चालणारी गाडी दुपारी चढावर स्लिप होऊ लागली, तर क्लच प्लेट बदलण्याआधी हा प्ले मोजा.

दोन वायरींची गोष्ट

आता ती गोष्ट. ऑटोमॅटिक गाडी फक्त पी किंवा एन मध्येच स्टार्ट होते, कारण गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच इतर वेळी स्टार्टरची वायर तोडून ठेवतो. गिअरबॉक्स गेला की स्विच गेला, आणि किल्ली फिरवली तरी ढिम्म. आम्ही त्या दोन वायरी एकत्र पिळून टेप मारला. "तात्पुरतं" म्हणून. इंजिन चालू झालं, टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाने बाहेर उभं राहूनच खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. आदल्या संध्याकाळी गाडी पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवली होती. हँडब्रेक नव्हता. पूर्वी तोच हात तशीच किल्ली रोज फिरवत होता आणि काही होत नव्हतं, कारण त्या स्विचने त्याची काळजी घेतली होती. यावेळी गाडीने उडी मारली आणि पुढचं वर्कबेंच भिंतीपर्यंत ढकललं. बेंचपाशी दुसरा मित्र खाली बसून नट वेचत होता. मामांनी त्याची कॉलर धरून ओढलं म्हणून बेंचच्या पायाखाली फक्त त्याची चप्पल गेली. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मामाही ओरडले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

त्याच दिवशी आम्ही पेडल ब्रॅकेटवर क्लच स्विच बसवला आणि त्या दोन वायरी त्यातून नेल्या. आता क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. खर्च आणि वेळ दोन्ही नगण्य. जुन्या स्विचमधूनच रिव्हर्स लाइटचाही करंट जात होता, तोही नव्या गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचला जोडला. पेडल बसवणं म्हणजे लोखंडाचा दांडा टांगणं नव्हे. ऑटोमॅटिक यंत्रणा ड्रायव्हरसाठी गुपचूप जी जी कामं करत होती, त्या प्रत्येकाला नवा वाली शोधणं म्हणजे पेडल बसवणं. हे वाक्य आम्ही रिपोर्टच्या पहिल्या पानावर घातलं आहे.

शेवटची तपासणी

इंजिन सुरू करण्याआधी पुढची चाकं स्टँडवर घ्या, मागच्या चाकांना ओट लावा. इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका. दोघांनी पुढची दोन्ही चाकं एकाच दिशेने हाताने फिरवायचा प्रयत्न करत राहावं, तिसऱ्याने पेडल सावकाश दाबावं. चाकं ज्या उंचीला मोकळी होतील ती मोजून लिहा. ते पेडल जमिनीला टेकता टेकता होत असेल तर चाल अपुरी आहे. मग इंजिन चालू करून क्लच दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला तर पुन्हा गणिताकडे, हवेकडे आणि फायरवॉलकडे. एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने बॉनेटखालून मास्टरकडे बघावं. तो हलताना दिसला तर काय करायचं ते वर सांगितलंच आहे. आणि गाडी जमिनीवर हलवण्याआधी ब्रेक, ब्रेक लाइट आणि स्टार्टर स्विच हे तिन्ही तपासा.

एक इशारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कडक भूमिका घेतली. आमची गाडी शेडपासून कॅन्टीनच्या वळणापर्यंतच फिरते. कोणाला घरच्या गाडीवर प्रयोग करायची सुरसुरी आली असेल, तर पान्याआधी आरटीओचा लेखी होकार हातात घ्या.

गाडी अजून शेडमध्येच आहे. ज्युनिअर्सनी जरूर यावं, क्लच दाबून बघावा, मामांना प्रश्न विचारावेत. फक्त किल्ली फिरवताना आत सीटवर बसा, आणि पुढे कोणी बसलेलं नाही ना, ते आधी बघा.